कॉन्टॅक्टर, रिले आणि सेन्सर यांना कमी किमतीचा पर्याय निवडताना नेमके काय जुळवून पाहावे?

प्रश्न – शिरोली_देखभाल

सर्व जाणकारांना नमस्कार. कोल्हापूरजवळच्या शिरोली औद्योगिक वसाहतीतील एका मध्यम आकाराच्या फौंड्रीत मी विद्युत देखभालीचे काम पाहतो. सँड प्लांट, दोन शॉट ब्लास्टिंग यंत्रे, ग्राइंडिंग विभाग आणि तयार माल उचलण्यासाठी ५ टनांची एक ओव्हरहेड क्रेन असा आमचा पसारा आहे. यांतील बहुतेक पॅनेल यंत्र बनवणाऱ्यांनीच दिलेली असून त्यांत नामांकित परदेशी मेकचे कॉन्टॅक्टर (मोटर चालू-बंद करणारे विद्युतचुंबकीय स्विच), ओव्हरलोड रिले (मोटरवर जास्त भार आला की ती बंद पाडणारे), टायमर, प्रॉक्सिमिटी सेन्सर (न टेकता धातू ओळखणारे) आणि पुशबटन बसवलेले आहेत. दर महिन्याला सुट्या भागांवर होणारा खर्च पाहून व्यवस्थापनाने आता स्पष्ट सांगितले आहे की, प्रत्येक वस्तूला स्वस्त पर्याय शोधा आणि स्टोअरचा खर्च खाली आणा.

सूचना चुकीची नाही, परंतु मागच्या पावसाळ्यात घडलेल्या एका प्रसंगामुळे माझा हात आखडतो. क्रेनच्या हॉइस्टची (भार वर-खाली करणाऱ्या भागाची) मोटर ७.५ एचपीची आहे. तिचा मूळ कॉन्टॅक्टर १२ अँपिअरचा होता आणि विक्रेत्याने दिलेला पर्यायही १२ अँपिअरचाच होता. आकारही जवळपास तोच आणि किंमत निम्म्याहून कमी. तीन आठवड्यांतच त्याच्या टिपा (वीज जोडणारे-तोडणारे संपर्क) चिकटल्या. चालकाने पेंडंटवरचे (लटकत्या बटनपेटीवरचे) बटन सोडले तरी हुक वर जातच राहिला आणि वरच्या लिमिट स्विचला दट्ट्या लागल्यावरही तो थांबला नाही. खाली उभ्या असलेल्या हेल्परने धावत जाऊन मुख्य आयसोलेटर पाडला म्हणून कोणाला इजा झाली नाही. अँपिअर तेच असताना असे का व्हावे, हे मला आजही नीट समजलेले नाही.

म्हणून विचारतो की, एखादा भाग दुसऱ्याचा खरा पर्याय आहे हे कागदावर कसे ठरवावे, कोणत्या वस्तूंत निर्धास्तपणे बचत करता येते, आणि कोणत्या वस्तूंना हात लावू नये? क्रेनवर आता पुन्हा मूळ मेकचाच कॉन्टॅक्टर बसवला आहे.

---

उत्तर – पॅनेल_भोसरी

मी गेली अनेक वर्षे भोसरीत कंट्रोल पॅनेल बनवतो, त्यामुळे हा प्रश्न माझ्यापुढे प्रत्येक कोटेशनच्या वेळी उभा राहतो. क्रेनच्या प्रसंगावर माझ्यापेक्षा अधिक अधिकाराने बोलणारे सभासद येथे आहेत, म्हणून मी बाकीच्या खरेदीविषयी लिहितो.

‘अँपिअर तेच’ या वाक्यातच बहुतेक चुकांचे मूळ असते, कारण एका कॉन्टॅक्टरला एकच अँपिअर नसतो. लेबल नीट वाचले तर एसी-१ आणि एसी-३ असे निदान दोन वेगळे आकडे दिसतात. एसी-१ हा हीटरसारख्या शुद्ध रोधक भारासाठी असतो आणि एसी-३ हा नेहमीच्या स्क्विरल केज मोटरसाठी. श्नायडरच्या टेसिस डी मालिकेतील सर्वांत लहान कॉन्टॅक्टर एसी-३ मध्ये ९ अँपिअरचा आहे, तर एसी-१ मध्ये तोच २५ अँपिअरचा आहे. आता एखाद्या अनोळखी मेकच्या खोक्यावर मोठ्या अक्षरांत २५ अँपिअर छापलेले असेल आणि ते एसी-१ चे असतील, तर मोटरसाठी तो ९ अँपिअरच्या वर्गातला माल ठरतो. म्हणून तुलना करताना एसी-३ चा आकडा, तोही ४१५ व्होल्टचा, समोरासमोर ठेवावा. आपल्याकडे १० एचपीची मोटर ४१५ व्होल्टवर साधारण १४ ते १५ अँपिअर घेते, तेव्हा तिला एसी-३ मधील १८ अँपिअरचा कॉन्टॅक्टर द्यावा, मग मेक कोणताही असो.

दुसरी बाब पैशांची आहे. कॉन्टॅक्टर एकटा विकत घेतला जात नाही. त्याच्या खाली थेट बसणारा बायमेटल ओव्हरलोड रिले, बाजूला किंवा वर लागणारा ॲड-ऑन (जादा टिपांचा) ब्लॉक, रिव्हर्सिंग असेल तर मेकॅनिकल इंटरलॉक आणि स्टोअरमध्ये ठेवलेली सुटी कॉइल (टिपा ओढून घेणाऱ्या चुंबकाचे वेटोळे) यांतले काहीही एका मेकचे दुसऱ्या मेकला बसत नाही. कॉन्टॅक्टरवर ६०० रुपये वाचले असे वाटते आणि मग ओव्हरलोड रिले, ॲड-ऑन व नवी वायरिंग यांत ते निघून जातात. पर्यायाचा दर नेहमी संपूर्ण संचाचा काढावा. त्याच कारणाने मी ग्राहकाला सांगतो की, एका पॅनेलमध्ये एकेक कॉन्टॅक्टर सुटा बदलण्यापेक्षा एखादे पूर्ण फीडर (एका मोटरला वीज देणारा संच) बदला, आणि काढलेले चांगले भाग उरलेल्या जुन्या फीडरसाठी सुटे भाग म्हणून जपून ठेवा.

नव्या मेकच्या शोधात निघण्याआधी त्याच कंपनीची दुसरी, साधी मालिका पाहावी, असे माझे ठाम मत आहे. श्नायडरमध्ये टेसिसच्या खालोखाल ईझीपॅक्ट टीव्हीएस आहे, सीमेन्समध्ये सिरियसच्या जोडीला सिकॉप आहे, एबीबीमध्ये एएफच्या तुलनेत एएक्स आहे. फरक कुठे पडतो तेही समजून घ्यावे. एएफ मालिकेची इलेक्ट्रॉनिक कॉइल १०० ते २५० व्होल्टच्या पट्ट्यात एसी आणि डीसी दोन्हींवर चालते. ज्या फीडरवर व्होल्टेज सतत खाली बसते तेथे ती सोय मोलाची आहे. जेथे पुरवठा स्थिर आहे तेथे त्या सोयीचे पैसे का मोजावेत?

एक खुलासा, कारण हल्ली मला याविषयी बरेच फोन येतात. लार्सन अँड टुब्रोचा विद्युत व्यवसाय २०२० मध्ये श्नायडरकडे गेला आणि २०२४ पासून तोच माल लॉरिट्झ नुडसेन या नावाने येतो. एमएनएक्स (त्यांच्या कॉन्टॅक्टरची मालिका) मागवल्यावर खोक्यावर वेगळे नाव दिसले म्हणून माल नकली समजून परत पाठवू नका.

जेथे बचत करण्यात मला कधीच संकोच वाटला नाही त्या वस्तू म्हणजे पुशबटन, दिवे, सिलेक्टर, टर्मिनल, कॅम स्विच, टायमर आणि तापमान नियंत्रक. पुशबटनाचे २२.५ मिलिमीटरचे भोक सगळ्यांना सारखेच असते आणि टेकनिकसारखा देशी मेक तेथे उत्तम काम देतो. टर्मिनलसाठी कनेक्टवेल आणि एलमेक्स, कॅम स्विचसाठी साल्झर आणि केसी, टायमर व नियंत्रकांसाठी सेलेक, जीआयसी आणि मल्टिस्पॅन, फेज फेल्युअर रिलेसाठी मिनिलेक ही नावे मी स्वतः वर्षानुवर्षे वापरलेली आहेत. टायमरच्या बाबतीत एकच सावधगिरी बाळगा: स्टार-डेल्टासाठी (मोटर आधी स्टार जोडणीत सुरू करून मग डेल्टा जोडणीत नेण्याच्या पद्धतीसाठी) त्याच कामाचा टायमर घ्या, साधा ऑन-डिले नको. स्टार सुटल्यानंतर डेल्टा लागण्यापूर्वी काही मिलिसेकंदांचा विराम त्या टायमरमध्ये मुद्दाम दिलेला असतो. तो नसेल तर स्टारच्या टिपांमधील ठिणगी विझण्याआधीच डेल्टा लागतो आणि थेट फेज-टू-फेज शॉर्ट होतो.

---

उत्तर – निवृत्त_विद्युत_अभियंता

तुमच्या क्रेनचा प्रसंग वाचून काळजी वाटली, आणि त्यातले दोन दोष वेगवेगळे आहेत, म्हणून सविस्तर लिहितो.

पहिला दोष निवडीचा आहे. आयईसी ६०९४७-४-१ या मानकात, आणि आपल्याकडील त्याच क्रमांकाच्या भारतीय मानकात, कॉन्टॅक्टरची कामाच्या स्वरूपानुसार वर्गवारी केलेली आहे. एसी-३ मध्ये असे गृहीत धरलेले असते की, मोटर सुरू होताना कॉन्टॅक्टर सुमारे सहापट प्रवाह जोडेल, परंतु तोडताना मोटर पूर्ण वेगात आलेली असेल आणि त्यामुळे केवळ नेहमीचा प्रवाह तोडावा लागेल. तुमची ७.५ एचपीची मोटर सुमारे १०.५ अँपिअर घेते, म्हणजे पंख्यावर किंवा कन्व्हेयरवर १२ अँपिअरचा कॉन्टॅक्टर तिला पुरेसा आहे. क्रेनचा चालक मात्र भार नेमक्या जागी टेकवण्यासाठी बटन टकटक दाबतो. मोटर वेग घेण्याआधीच प्रत्येक वेळी प्रवाह तुटतो आणि तो असतो ६० अँपिअरच्या पुढचा. याला एसी-४ म्हणतात. चांगल्या उत्पादकाच्या कॅटलॉगमध्ये एसी-४ चा आकडा स्वतंत्र दिलेला असतो आणि तो त्याच कॉन्टॅक्टरच्या एसी-३ आकड्याच्या निम्म्याहूनही कमी भरतो, असे तुम्हाला दिसेल. ज्या स्वस्त मेकच्या कॅटलॉगमध्ये एसी-४ चा रकाना नाही, किंवा ज्याला कॅटलॉगच नाही, तो इंचिंगच्या (असे टकटक चालवण्याच्या) जागी बसवू नये.

येथे एक अप्रिय गोष्टही सांगितली पाहिजे. तुमचा मूळ कॉन्टॅक्टरसुद्धा त्या कामाला लहानच होता. त्याच्या टिपांच्या मिश्रधातूचा दर्जा चांगला असल्यामुळे तो वर्षे काढत होता इतकेच. तेव्हा केवळ जुना मेक परत बसवून प्रश्न सुटलेला नाही. तेथे दोन-तीन आकार मोठा, एसी-४ वर तपासून घेतलेला कॉन्टॅक्टर द्या. वाटल्यास तो साध्या मालिकेतला असू द्या, तरी तो मूळच्या लहान महागड्या कॉन्टॅक्टरपेक्षा अधिक टिकेल.

दुसरा दोष रचनेचा आहे आणि तो अधिक गंभीर आहे. तुमचा वरचा लिमिट स्विच फक्त कॉइलचा पुरवठा तोडतो. टिपा चिकटल्यावर कॉइल मेली काय आणि जिवंत राहिली काय, मोटरला वीज मिळतच राहते. म्हणूनच हॉइस्टला एका लिमिटनंतर आणखी वर दुसरी, अंतिम लिमिट हवी, आणि तिने हॉइस्टचा नव्हे तर त्याच्या आधीचा वेगळा मुख्य कॉन्टॅक्टर सोडवला पाहिजे. हा मुख्य कॉन्टॅक्टर रोजच्या कामात उघडझाप करत नसल्यामुळे त्याच्या टिपा शाबूत राहतात. हे काम या आठवड्यात करून घ्या, खरेदीचा विचार नंतर करा.

आता धुळीविषयी. फौंड्रीत कॉन्टॅक्टर बहुधा वयाने मरत नाहीत, ते धुळीने मरतात. लोखंडी भुकटी चुंबकाच्या दोन तोंडांमध्ये चिकटते, आर्मेचर (चुंबकाचा हलणारा भाग) पूर्ण बसत नाही, कॉन्टॅक्टर गुणगुणू लागतो, हवेतील फटीमुळे कॉइल प्रमाणाबाहेर प्रवाह घेते आणि जळते. एप्रिल-मे महिन्यांत पॅनेलचे दार उघडे ठेवून समोर पेडेस्टल पंखा लावण्याची आपल्याकडची पद्धत तुमच्या कारखान्यात असेल, तर कोणत्याही मेकला दोष देण्याआधी ती बंद करा. केबल ग्लँड (केबल आत येते तेथील घट्ट बसणारी सील), गॅस्केट आणि आयपी ५४ चे (धूळ-पाण्यापासून संरक्षणाचा दर्जा) दार यांवर केलेला खर्च स्वस्त कॉन्टॅक्टरपेक्षा जास्त पैसे वाचवतो. तुमच्या नोंदवहीत कॉन्टॅक्टर का बदलला याचे कारण लिहिलेले असते का? कॉइल जळाली, टिपा झिजल्या, की टिपा चिकटल्या, ही तीन कारणे वेगवेगळी लिहून काढली तर पर्याय शोधण्याची गरज कुठे आहे आणि कुठे नाही, हे आपोआप दिसेल. मोठ्या आकारांत कॉइल आणि टिपांचे संच सुटे मिळतात. संपूर्ण कॉन्टॅक्टर बदलण्याचे कारणच नसते.

शेवटी संरक्षणाच्या वस्तूंविषयी. एमसीसीबी किंवा एमसीबीचा (शॉर्ट झाल्यावर वीज आपोआप तोडणाऱ्या ब्रेकरचा) पर्याय निवडताना केवळ निर्धारित (रेटेड) प्रवाह नव्हे, तर शॉर्ट सर्किट तोडण्याची क्षमता पाहिली पाहिजे. समजा तुमचा ट्रान्सफॉर्मर ५०० केव्हीए आहे आणि त्याच्या पाटीवर ४.५ टक्के इम्पीडन्स (प्रवाहाला होणारा विरोध) लिहिलेला आहे. ४१५ व्होल्टवर त्याचा पूर्ण भाराचा प्रवाह सुमारे ६९५ अँपिअर होतो आणि त्याला ०.०४५ ने भागले की सुमारे १५.५ किलोअँपिअर येतात. ट्रान्सफॉर्मरजवळच्या मुख्य पॅनेलमध्ये १० किलोअँपिअर क्षमतेचा एमसीबी बसवणे म्हणजे शॉर्ट झाल्यास तो फुटू देण्याची तयारी ठेवणे होय. लांबवरच्या लहान पॅनेलमध्ये केबलच्या इम्पीडन्समुळे हा प्रवाह बराच उतरतो, तेथे तोच एमसीबी योग्य ठरतो. शिवाय उत्पादक टाइप-२ समन्वयाचे (शॉर्टनंतरही संच पुन्हा वापरता येण्याचे) जे तक्ते देतात, ते त्यांनी स्वतः एकत्र तपासलेल्या ब्रेकर, कॉन्टॅक्टर आणि ओव्हरलोड रिले यांच्यापुरतेच खरे असतात. तिघांपैकी एक जरी दुसऱ्या मेकचा आला, तर तो तक्ता लागू होत नाही. शॉर्टनंतर टिपा सोडवून फीडर पुन्हा चालू होईल की कॉन्टॅक्टर फेकून द्यावा लागेल, हे मग कोणीही सांगू शकत नाही.

ओव्हरलोड रिलेचा वर्गही (जास्त भारावर तो किती वेळाने ट्रिप होतो हे सांगणारा आकडा) असाच नजरेतून सुटतो. शॉट ब्लास्टिंगच्या ब्लोअरला वेग घ्यायला वेळ लागतो, म्हणून तेथे मुळात क्लास २० चा रिले दिलेला असण्याची शक्यता आहे. त्याजागी क्लास १० चा स्वस्त रिले बसवला, तर तो सुरुवातीलाच ट्रिप होतो, मग रात्रपाळीचा वायरमन सेटिंग वाढवतो आणि महिन्याभरात मोटर रिवाइंडिंगला जाते. रिलेवर वाचवलेली रक्कम आणि रिवाइंडिंगचे बिल यांची तुलना मी करत बसत नाही, ती तुम्हाला माहीत आहे.

---

उत्तर – सेन्सर_सातपूर

मी नाशिकला ऑटोमेशनचे काम करतो. प्रॉक्सिमिटी सेन्सर, लिमिट स्विच आणि रिले यांविषयी थोडे लिहितो.

सेन्सरमध्ये पर्याय शोधणे कॉन्टॅक्टरपेक्षा सोपे आहे, कारण बाहेरचे माप आणि वायरचे रंग ठरलेले आहेत: तपकिरी धन, निळी ऋण, काळी आउटपुट. एम १२, एम १८, एम ३० हे आकार सर्वांचे सारखेच असतात. चूक होते ती पीएनपी (आउटपुटवर धन देणारा) आणि एनपीएन (आउटपुटवर ऋण देणारा) यांत. युरोपीय यंत्रांत बहुधा पीएनपी असतात आणि जपानी किंवा तैवानी यंत्रांत अनेकदा एनपीएन आढळतात. बाजारात ‘एम १८, तीन वायर’ एवढेच सांगितले तर दुकानदार जे हाताशी असेल ते देतो. जुन्या सेन्सरवरून पीएनपी की एनपीएन, एनओ (एरवी उघडा) की एनसी (एरवी बंद), फ्लश (धातूत पूर्ण आत बसवता येणारा) की नॉन-फ्लश आणि अंतर किती, हे चारही उतरवून घ्या. एम १८ च्या फ्लश सेन्सरचे नेहमीचे अंतर ५ मिलिमीटर असते आणि नॉन-फ्लशचे ८. फ्लशच्या जागी नॉन-फ्लश धातूच्या ब्रॅकेटमध्ये पूर्ण आत बसवला, तर तो ब्रॅकेटलाच पाहून कायम चालू राहतो, आणि दोष सेन्सरच्या माथी येतो. तुमच्या सँड प्लांटमध्ये वाळू घासून सेन्सरचे तोंड झिजत असेल, तर तेथे स्वस्त सेन्सर वर्षातून दोनदा बदलणे हेही शहाणपणाचे असू शकते. तेथे वस्तू झिजणारच आहे हे मान्य करून खरेदी करावी.

लिमिट स्विच घेताना ईएन ५००४१ की ईएन ५००४७ हे पाहा. पहिल्याच्या स्क्रूच्या भोकांमधील अंतर ३० गुणिले ६० मिलिमीटर असते, दुसऱ्याचे २० ते २२ मिलिमीटर. हे जुळले की नवीन स्विच जुन्याच जागी बसतो, नवे ड्रिलिंग लागत नाही.

पीएलसीच्या (यंत्र चालवणाऱ्या प्रोग्रॅम करता येणाऱ्या नियंत्रकाच्या) आउटपुटला जे लहान प्लग-इन रिले असतात, त्यांचे ८ पायांचे आणि १४ पायांचे सॉकेट बहुतेक मेकना सारखेच बसतात आणि तेथे बचत चांगली होते. तथापि २४ व्होल्ट डीसीच्या रिलेमध्ये दिवा आणि डायोड असेल, तर कॉइलच्या दोन पायांचे धन-ऋण दोन मेकमध्ये उलट असू शकते. नवीन रिले उलटा बसला तर तो डायोड पीएलसीचे आउटपुट थेट शॉर्ट करतो, आणि २०० रुपयांच्या रिलेमुळे काही हजारांचे कार्ड जाते. पहिला रिले बसवण्यापूर्वी त्याच्या बाजूवर छापलेली आकृती जुन्या रिलेच्या शेजारी धरून पाहावी. तसेच रिलेवरचे ५ अँपिअर हे रोधक भाराचे असतात. त्या टिपांनी मोठ्या कॉन्टॅक्टरची कॉइल किंवा सोलेनॉइड चालवायचे असेल, तर कॅटलॉगमधील एसी-१५ किंवा डीसी-१३ चा (अशा चुंबकीय भारासाठीचा) आकडा पाहा, तो बराच लहान असतो.

---

उत्तर – खरेदी_विभाग_अंबड

मी अभियंता नाही, खरेदी पाहतो. तरीही या चर्चेत एका गोष्टीची भर घालावीशी वाटते. आपल्याकडे स्वस्त पर्यायाच्या नावाखाली जो माल येतो, त्यात कमी किमतीचा खरा मेक आणि नामांकित मेकची नक्कल या दोन पूर्णपणे वेगळ्या वस्तू मिसळलेल्या असतात. पहिल्याला मी पर्याय म्हणेन. दुसऱ्याला पर्याय म्हणता येणार नाही. मुंबईची लोहार चाळ असो वा पुण्याची तपकीर गल्ली, तेथे चोख व्यवहार करणारी दुकाने पुष्कळ आहेत, परंतु अधिकृत विक्रेत्याच्या दरापेक्षा कोणी एकदम खूपच कमी दर सांगत असेल, तर कारण विचारायलाच हवे. आमच्या एका खरेदीत असा माल आला होता: खोके हुबेहूब, पण हातात घेतल्यावर वजन हलके, टर्मिनलच्या स्क्रूंवर गंज लवकर दिसला आणि लेबलवरचा कोड कंपनीच्या ॲपवर तपासला तर ओळखच पटेना. तेव्हापासून खोक्याचा कोड तपासल्याशिवाय माल स्टोअरमध्ये घेत नाही. एमसीबीवर आयएसआय चिन्ह बंधनकारक आहे, ते चिन्ह आणि त्याखालचा परवाना क्रमांकही पाहतो.

दुसरे असे की, मेक न बदलताही दर खाली येतात. या व्यवसायात लिस्ट प्राइस आणि हातात पडणारा नेट दर यांत मोठे अंतर असते, आणि ते खरेदीच्या आकारावर ठरते. महिन्याला पाच विक्रेत्यांकडून सुटे-सुटे भाग घेण्याऐवजी वर्षाची अंदाजित यादी करून एका अधिकृत विक्रेत्याशी रेट काँट्रॅक्ट केले, तर स्वस्त मेककडून अपेक्षित असलेली बरीचशी बचत नामांकित मेकमध्येच पदरात पडते. वसाहतीतील दोन-तीन कारखान्यांनी मिळून मागणी केली तर आणखी चांगले. मात्र त्यासाठी मेकांची संख्या मर्यादित ठेवावी लागते. आमच्या स्टोअरमध्ये एकेकाळी सात मेकचे कॉन्टॅक्टर आणि त्यांच्या सात प्रकारच्या कॉइल होत्या. पडून राहिलेल्या मालातच भांडवल अडकले होते.

---

प्रश्नकर्ता – शिरोली_देखभाल

सर्वांचे मनापासून आभार. निवृत्त अभियंता साहेबांच्या सांगण्यावरून सर्वप्रथम क्रेनवर दुसरी लिमिट आणि वेगळा मुख्य कॉन्टॅक्टर बसवून घेतला, आणि हॉइस्टला ३२ अँपिअरचा, एसी-४ चा आकडा कॅटलॉगमध्ये पाहून घेतलेला कॉन्टॅक्टर दिला. त्यानंतर नोंदवही उघडली. बदललेल्या कॉन्टॅक्टरपुढे कारण फारसे लिहिलेले नव्हतेच, पण सुदैवाने स्टोअरमधील भंगाराच्या पेटीत जुने २३ कॉन्टॅक्टर पडून होते. ते उघडून पाहिले तेव्हा त्यांतील १४ फक्त कॉइल जळाल्यामुळे काढलेले निघाले, आणि त्यांपैकी बहुतेकांच्या चुंबकावर काळी भुकटी होती. टिपा जवळपास नव्यासारख्या होत्या. म्हणजे इतकी वर्षे आम्ही धुळीची किंमत मेकच्या नावाने मोजत होतो. सँड प्लांटच्या पॅनेलची गॅस्केट बदलण्याचे आणि दारे बंद ठेवण्याचे काम सुरू केले आहे.

आता एक राहिलेला प्रश्न. ग्राइंडिंग विभागात आणि मोल्डिंग लाइनवर मिळून बरीच आपत्कालीन बटने आहेत, आणि दोन जागी पिवळे सेफ्टी रिले (आपत्कालीन बटनाचे सर्किट तपासत राहणारे) आहेत. लाल मशरूम बटन बाजारात फार स्वस्त मिळते आणि २२.५ मिलिमीटरच्या भोकात नीट बसते. सेफ्टी रिलेच्या जागी दोन साधे रिले लावून तेच काम होते, असे एका पॅनेल बनवणाऱ्याने सुचवले आहे. हे करावे का?

---

उत्तर – निवृत्त_विद्युत_अभियंता

पेटी उघडून पाहिलीत हे उत्तम केले. सेफ्टी रिलेविषयीचा सल्ला मात्र मानू नका.

आपत्कालीन बटनाच्या एनसी टिपा स्प्रिंगच्या जोरावर उघडणाऱ्या नसाव्यात. बटन दाबणाऱ्या हाताच्या जोराने त्या थेट उघडल्या गेल्या पाहिजेत, मग त्या चिकटलेल्या असल्या तरीही. अशा ब्लॉकवर वर्तुळातील बाणाचे चिन्ह असते, आणि ते आयईसी ६०९४७-५-१ मध्ये ठरवून दिलेले आहे. हे चिन्ह असलेले देशी मेकचे बटन घेण्यास काहीच हरकत नाही आणि ते महागही नसते. चिन्ह नसलेले बटन केवळ रंगाने लाल असते. बटन दाबल्यावर ते दाबलेल्या स्थितीत अडकून राहिले पाहिजे आणि फिरवून किंवा ओढून सोडल्याशिवाय मोकळे होता कामा नये, हेही तपासा. टिपांचा ब्लॉक बटनापासून निखळला तरी सर्किट उघडणारे, स्वतःवर देखरेख ठेवणारे ब्लॉकही मिळतात. फौंड्रीतील सततच्या कंपनांचा विचार करता तेथे थोडे जास्त पैसे मोजावेत, असे मी म्हणेन.

सेफ्टी रिलेमधील रिले साध्या रिलेसारखे नसतात. त्यांच्या टिपा एकमेकींशी यांत्रिकरीत्या जोडलेल्या असतात, त्यामुळे एक एनओ टिप चिकटली तर त्याच रिलेची एनसी टिप बंद होऊच शकत नाही. पुढच्या वेळी रीसेट करताना हे सर्किटला कळते आणि यंत्र सुरू होत नाही. दोन साध्या रिलेंपैकी एकाची टिप चिकटली, तर कोणालाही कळणार नाही. यंत्र दुसऱ्या रिलेवर नेहमीसारखे चालत राहील आणि तो दुसराही चिकटेल त्या दिवशी बटन दाबून काही होणार नाही. तुमच्या हॉइस्टवर जे घडले ते नेमके याच जातीचे होते. सेफ्टी रिलेनंतरच्या कॉन्टॅक्टरची एनसी टिप फीडबॅक म्हणून परत रिलेकडे नेलेली असते. तो कॉन्टॅक्टर बदलायचा झाल्यास मिरर कॉन्टॅक्टचे (मुख्य टिप चिकटली तर बंद न होणाऱ्या एनसी टिपेचे) प्रमाणन असलेलाच घ्या. बऱ्याच चांगल्या मेकच्या साध्या मालिकांमध्येही ते असते, कॅटलॉगमध्ये तसा उल्लेख शोधा.

---

उत्तर – पॅनेल_भोसरी

साहेबांच्या उत्तराला एक व्यावहारिक जोड देतो. पर्यायी भाग बसवल्यानंतर पॅनेलच्या ड्रॉइंगवर आणि दाराच्या आत चिकटवलेल्या यादीत नवा मेक, मॉडेल आणि तारीख त्याच दिवशी लिहा. टर्मिनलचे क्रमांक बहुतेक मेकमध्ये सारखे असतात, म्हणजे कॉइलला ए१-ए२, ओव्हरलोडच्या एनसीला ९५-९६ आणि एनओला ९७-९८; त्यामुळे वायरमन न पाहता वायर जोडतो आणि ते जुळतेही. मात्र कॉइलच्या व्होल्टेजवर तो असा विश्वास ठेवू शकत नाही. त्याच पॅनेलमध्ये एक कॉइल ११० व्होल्टची आणि दुसरी ४१५ ची असलेली मी पाहिली आहे, आणि अशा पॅनेलमध्ये रात्री दोन वाजता ११० ची कॉइल ४१५ वर लावली जाते. कॉइलच्या शेजारी व्होल्टेजचे मोठ्या अक्षरांतले लेबल लावून घ्या. सेफ्टी सर्किटचे भाग यादीत लाल शाईने वेगळे दाखवा आणि त्यांपुढे लिहून ठेवा की, हे भाग देखभाल प्रमुखाच्या सहीशिवाय बदलायचे नाहीत.

---

प्रश्नकर्ता – शिरोली_देखभाल

समजले. सेफ्टी रिले आहेत तसेच राहतील आणि मशरूम बटने बाणाचे चिन्ह असलेलीच मागवतो. पुशबटन, टर्मिनल आणि टायमर यांची वर्षाची एकत्रित यादी आजपासून करायला घेतली आहे. शेजारच्या मशीन शॉपचे देखभाल प्रमुखही तीत सामील व्हायला तयार आहेत. पेटीतल्या ज्या कॉन्टॅक्टरच्या टिपा चांगल्या आहेत, त्यांपैकी मोठ्या आकाराच्या ६ नगांसाठी सुट्या कॉइल मागवल्या आहेत. त्या आल्यावर चुंबकाची तोंडे पुसून, ते आधी टेबलावर ४८ तास चालवून पाहीन आणि गुणगुणत नसतील तरच कन्व्हेयरच्या फीडरला बसवीन.